दप्तरातली तुर्की

परदेशी भाषा शिकायची तर आधी इंग्रजी पक्कं हवं, असं आपण सगळेच धरून चालतो. मांडवगण फराट्याच्या एका ओसरीवर तीन मुलांसोबत तुर्कीचा घाट घातला, तेव्हा मात्र भलतंच गणित समोर आलं!

आधी एक छोटीशी क्विझ. दप्तर, तक्ता, हजर, हप्ता, तमाम, पैलवान, वस्ताद. हे शब्द कुठल्या भाषेतले?

‘मराठी’ म्हणालात? अर्धे मार्क. उरलेले अर्धे घ्यायला इस्तंबूलच्या एखाद्या शाळेत डोकवावं लागेल. तिथे ‘देफ्तेर’ म्हणजे वही. ‘ताहता’ म्हणजे फळा. ‘हाझर’ म्हणजे तयार. ‘हाफ्ता’ म्हणजे आठवडा, आपल्या होम लोनची धास्ती त्या शब्दात अजिबात नाही. ‘तामाम’ म्हणजे आपलं ओके. आणि कुस्ती खेळणारा तो ‘पेहलिवान’, कुठल्याही कामातला मुरलेला माणूस ‘उस्ता’.

हे सगळं आत्ता का सांगतेय? कारण आपल्या ऑफिसांच्या पॅन्ट्रीत हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. ‘पिल्लूला जर्मन लावलंय.’ किंवा फ्रेंच, किंवा कोरियन. लावलंय म्हणजे क्लास लावलाय. फी भरली, ॲप डाउनलोड केलं, आपलं काम संपलं. आणि हा सगळा प्रवास इंग्रजीच्या टोलनाक्यावरून जातो. ज्याचं इंग्रजी कच्चं, त्याने रांगेत उभंच राहू नये, असा एक न लिहिलेला नियम. मीही तो नियम मानत आले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो मोडताना पाहिला.

अंधार पडला की घरात

मांडवगण फराटा हे माझं आजोळ. शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या बाजूचं गाव. पलीकडे दौंड तालुका सुरू होतो. पुण्यातून निघालं की दोन-अडीच तासांत पोहोचतो, पण शेवटचा टप्पा उसातून जातो आणि सिग्नलच्या गर्दीतून आलेल्या माणसाला उगाचच मोकळं वाटायला लागतं. ऊस म्हटला की या भागात हल्ली दुसरा शब्द लगेच येतो, बिबट्या. दिवस मावळला की पोरांना अंगणातसुद्धा सोडत नाहीत. मग सात ते दहा काय करायचं? मोबाईल!

त्या मोबाईलवर माझ्या मामेभावाची दोन्ही मुलं एक तुर्की मालिका बघत होती. ‘एर्तुग्रुल’. २०१४ ते २०१९ या काळात तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीवर गाजलेली, घोडे, तंबू आणि तलवारीवाली. डबिंग झालेलं असलं तरी गाण्यांत आणि हाकांमध्ये मूळ शब्द राहतात. मोठी भाची सातवीत, मराठी माध्यम. तिने विचारलं, ‘आत्या, तुला ही भाषा येते ना? आम्हाला शिकव की.’

येते म्हणजे किती, तर कामापुरती. दोन वर्षं ॲपवर आणि ऑनलाइन शिकवणीत रखडत शिकलेली. वाचून कळते, बोलताना अडखळते. पण दहा दिवसांच्या सुट्टीला तेवढी पुरली.

वर्गात तिघं जमले. भाची, तिचा चौथीतला कुस्तीवेडा भाऊ आणि पुण्याहून आलेला माझ्या मावसबहिणीचा मुलगा, पाचवी, इंग्रजी माध्यम, हातात टॅब. पहिल्याच संध्याकाळी त्याने टॅबवर तुर्कीचा कोर्स उघडला आणि फटाफट पुढे जायला लागला. भाची गप्प झाली. ‘माझं इंग्लिश नाही ना चांगलं,’ एवढंच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या भरायला उठून गेली.

खरा प्रश्न तिथे होता. तिच्या घरात तेव्हा एक चर्चा चालू होती, आठवीपासून हिला शिरूरला इंग्रजी माध्यमात घालायचं का? भावाची काळजी खोटी नव्हती. पण त्या चर्चेचं पोरीने स्वतःपुरतं केलेलं भाषांतर असं होतं, की ‘मला भाषा येत नाहीत.’ बारा वर्षांची मुलगी, घरची बोली, पुस्तकी मराठी, हिंदी आणि मालिकांमधलं उर्दू सहज समजणारी!

एक आंट, दोन नावं

टॅबवाल्याची गाडी दुसऱ्या दिवशी अडकली. ‘आंट’ला तुर्कीत दोन शब्द दिसत होते. ‘हाला’ आणि ‘तेय्झे’. कुठला कधी? ॲप एकदा याला बरोबर म्हणे, एकदा त्याला.

मी भाचीला विचारलं, ‘मी तुझी कोण?’

‘आत्या.’

‘आणि याची?’

‘मावशी.’

‘मग हाला म्हणजे आत्या. तेय्झे म्हणजे मावशी.’

बस. एवढंच. काकासाठी ‘आमजा’, मामासाठी ‘दायी’. इंग्रजीला जे दोन शब्दांत उरकायचं असतं, त्याला तुर्की आणि मराठी दोघींना चार शब्द लागतात. भाचीने दोन मिनिटांत चारही पाठ केले आणि पुढचे दहा दिवस मला ‘हाला’ अशीच हाक मारली. शिवाय तुर्की माणसं रस्त्यावरच्या अनोळखी बाईलाही ‘तेय्झे’ म्हणतात, मोठ्या मुलाला ‘आबी’ आणि मोठ्या मुलीला ‘आब्ला’, म्हणजे दादा आणि ताई. एसटीत ‘मावशी, जरा सरका’ म्हणणाऱ्या पोरांना यात नवल वाटायचं कारणच नव्हतं.

त्या रात्री मी टॅब बाजूला ठेवायला सांगितला. ठरवलं, इंग्रजीचा पूल नकोच. मराठीतून थेट जायचं.

घरात, घरातून, घरी

तुर्की व्याकरण भयंकर अवघड आहे, असं इंग्रजीतून शिकणारे हमखास सांगतात. कारण त्यांच्यासाठी सगळं उलटं असतं. क्रियापद शेवटी, आणि इंग्रजीत जे शब्द नामाच्या आधी येतात ते नामाच्या शेपटीला चिकटलेले. आता आपली शेपटी पाहा. घर, घरात, घरातून, घरी. तुर्कीत ‘एव’ म्हणजे घर. ‘एवदे’ घरात, ‘एवदेन’ घरातून, ‘एवे’ घरी. ‘ओकुल’ म्हणजे शाळा. ‘बेन ओकुला गिदियोरुम’, मी शाळेला जाते. शब्द जिथल्या तिथे, मराठीच्या क्रमाने.

अजून एक. इंग्रजीत पुस्तक ‘हॅव’ करावं लागतं. मराठीत आपण काहीच ‘हॅव’ करत नाही, आपल्याकडे पुस्तक ‘असतं’. तुर्कीतही तसंच. आहे म्हणजे ‘वार’, नाही म्हणजे ‘योक’. चौथीतल्या भाच्याने दोन दिवस घरभर याच दोन शब्दांवर राज्य केलं. ‘मामी, दूध वार?’ ‘योक!’ हे माझी मामीही, म्हणजे त्याची आजी, चुलीपाशी बसून ओरडायला लागली.

पण वर्ग खरा रंगला तो चहा-बिहावर. आपण नाही का म्हणत, चहा-बिहा, पुस्तक-बिस्तक? तुर्की लोकही हेच करतात, फक्त ‘ब’ऐवजी ‘म’ लावून. चाय-माय. किताप-मिताप. इंग्रजीतून हे समजावताना मला पूर्वी परिच्छेदभर स्पष्टीकरण वाचावं लागलं होतं. इथे एका वाक्यात काम झालं, आणि मग जेवण-बिवण, ऊस-बिस असं जे काही हाताला लागेल त्याचं तुर्कीकरण सुरू झालं.

आणि ‘म्हणे’! ‘तो आला’ आणि ‘तो आला म्हणे’ यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. पहिलं मी पाहिलं, दुसरं ऐकलं. तुर्की क्रियापदात यासाठी वेगळं शेपूट आहे. ‘गेल्दी’ म्हणजे आला, ‘गेल्मिश’ म्हणजे आला म्हणे. तुर्की गोष्टीसुद्धा याच ‘म्हणे’ने सुरू होतात. भाचीने लगेच उदाहरण दिलं, ‘बिबट्या गेल्मिश.’ गावात रोज उठून ऐकू येणाऱ्या बातमीचं एवढं अचूक व्याकरण मला तरी सुचलं नसतं.

कुस्तीचं मैदान, तोफेचा चेंडू

भाच्याला व्याकरणात रस नव्हता. त्याला पकडलं ते आखाड्यातून. तुर्कस्तानात एदिर्ने शहरात दर वर्षी कर्कपनारच्या कुस्त्या होतात. पैलवान चामड्याच्या तुमानी घालून अंगाला ऑलिव्हचं तेल चोपडून लढतात. युनेस्कोने २०१० मध्ये या कुस्त्यांची नोंद मानवी वारशाच्या यादीत केली. त्याला मोबाईलवर फोटो दाखवले आणि सांगितलं, हे पेहलिवान. यांचं मैदान ते ‘मेय्दान’. सराव किंवा कवायत म्हणजे ‘तालिम’. ‘म्हणजे आपल्यासारखंच की!’ तो म्हणाला. गावाकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांवर वाढलेल्या मुलाला पाच शब्द फुकटात मिळाले. उरलेले त्याने स्वतःहून मागितले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे सगळे शब्द तुर्कीने आपल्याला दिले, असं नाही. बहुतेक मूळचे फारसी किंवा अरबी. फारसी आपल्याकडे शतकानुशतकं दरबाराची भाषा होती, तुर्कांकडेही तिचा तेवढाच दबदबा. म्हणजे दोन शेजारणींनी एकाच दुकानातून उधारीवर सामान आणलं आणि आपापल्या फोडणीत घातलं. म्हणून ‘मेय्वे’ तिकडे कुठलंही फळ, इकडे मेवा. ‘कारपुझ’ तिकडे कलिंगड, इकडे खरबूज. कवी माधव ज्युलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तो चाळला तर ही उधारीची वही किती जाडजूड आहे ते कळतं.

पण काही माल अस्सल तुर्की. कैची तुर्की, बेगम तुर्की, आणि तोफ तर नक्कीच. गंमत म्हणजे तुर्कीत ‘तोप’ म्हणजे तोफही आणि खेळायचा चेंडूही! विजापूरची प्रसिद्ध मुलूख मैदान तोफ ओतली गेली १५४९ मध्ये, शिरूरच्या शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला. ओतणारा कारागीर स्वतःला ‘रूमी’ म्हणवायचा. रूम म्हणजे तेव्हाचा तुर्की मुलूख. आणि मशालची, तबलची, खजांची यातला तो ‘ची’ही तुर्कीच. तिकडे चहावाला तो ‘चायजी’, आणि माझ्यासारखी पत्रकार ‘गाझेतेजी’. भाचीने यावरून स्वतःच शब्द बनवला. उसाला तुर्कीत काय म्हणतात ते माहीत नव्हतं, म्हणून ‘ऊसजी’. तिच्या बाबांचा धंदा!

सगळंच सोपं नाही, बरं का

नाहीतर तुम्हाला वाटेल दहा दिवसांत पोरं इस्तंबूलला निघाली. अडचणी होत्याच. तुर्कीत स्वरांची जुळणी लागते. ‘एव’चं अनेकवचन ‘एवलेर’, पण ‘किताप’चं ‘कितापलार’. पहिल्या शब्दात ए असेल तर शेपटीत ए, आ असेल तर आ. आम्ही याचे दोन संघ केले, ए संघ आणि आ संघ, आणि अंगणात दुपारी कबड्डीसारखा खेळ लावला. शब्द ओरडायचा, योग्य संघाकडे पळायचं. वहीत दोन दिवस न सुटलेलं अर्ध्या तासात सुटलं.

लिपी हाही एक टप्पा. तुर्कीने नोव्हेंबर १९२८ मध्ये कायदा करून अरबी वळणाची लिपी सोडली आणि रोमन घेतली. अक्षरं २९, आणि बहुतेकांचा एकच ठरलेला उच्चार. इंग्रजीसारखी स्पेलिंगची लॉटरी नाही. पण टॅबवाल्या पाहुण्याला इथे त्रास झाला, कारण सवयीने तो इंग्रजी उच्चार करायचा. तुर्कीत ‘सी’ अक्षर ‘ज’ असतं आणि त्यालाच खाली शेपटी लावली की ‘च’. भाचीने शेजारी देवनागरीत उच्चार लिहून तक्ता बनवला आणि तो तक्ता मग पाहुण्याने मागून घेतला. ‘इ’ आणि ‘उ’च्या मधला एक स्वर मात्र तिघांनाही शेवटपर्यंत नीट जमला नाही. मलाही कुठे जमतो?

आणि ‘तो, ती, ते’ तुर्कीत नाहीतच. तिघांसाठी एकच, ‘ओ’. ‘मग मुलगा की मुलगी कसं कळणार?’ भाचीने विचारलं. पुढच्या-मागच्या वाक्यांवरून, मी म्हटलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘मग सारखं सांगायला नको, मी मुलगी आहे म्हणून.’

‘त्यांची भाषा कशाला?’

हा प्रश्न मामाने विचारला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली. पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदांवर बहिष्कार टाकला. हैदराबादच्या मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाने तुर्की भाषेच्या डिप्लोमासाठी केलेला करार त्याच महिन्यात रद्द केला. ‘ज्याची सफरचंदं नकोत, त्याची भाषा कशाला?’ मामाचं म्हणणं सरळ होतं.

मी त्याला ६ फेब्रुवारी २०२३ ची आठवण करून दिली. तुर्कस्तानात भूकंप झाला आणि भारताने मदतीला जवान, डॉक्टर आणि श्वानपथकं पाठवली. त्या मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन दोस्त’. दोस्त हा शब्द तिकडेही दोस्तच आहे, भाषांतर करावं लागलं नाही. सरकारांची भांडणं होतात, मिटतात, पुन्हा होतात. ढिगाऱ्याखालच्या माणसाला मात्र आपल्याला कळणारा एक शब्द ऐकू आला, तर त्याचं मोल वेगळंच. आणि समजा भांडणच आहे, तरी समोरचा काय बोलतोय ते कळलेलं बरं की न कळलेलं? मामा हसला. पटलं की नाही, ते सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चहा मागताना ‘चाय वार?’ असं विचारलं.

गाडिवाट ते जालिंदरनगर

तुम्ही म्हणाल, सुट्टीतली मजा ठीक आहे, शाळेत हे कोण करणार? तर करतात. छत्रपती संभाजीनगरपासून साधारण २५ किलोमीटरवर गाडिवाट नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, कुठली परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी निवडली. कारण? रोबोटिक्स! पुस्तकं नव्हती, शिक्षक नव्हता. शाळेने इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची ॲप गोळा करून सुरुवात केली. पुढे २०२० मध्ये शहरातले भाषातज्ज्ञ सुनील जोगदेव यांनी विनामूल्य ऑनलाइन वर्ग घेतले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नव्हता त्यांना शिकलेल्या मुलांनी शिकवलं. त्यांना नाव दिलं ‘विषयमित्र’.

मुलांनी मुलांना शिकवायची हीच वाट आपल्या पुणे जिल्ह्यातही आहे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा. आमच्या ओसरीवर पाचव्या दिवसापासून भाचीच शिकवत होती. मी फक्त अडलं की सांगत होते.

घरी करून पाहायचंय?

तुर्कीच हवी असं नाही. पण घरातल्या कुठल्याही मुलाला नवी भाषा देताना एवढं करून पाहा.

पहिले पन्नास शब्द ओळखीचे निवडा. तुर्की असेल तर साबुन, पेर्दे, दुक्क्यान, हेसाप, हावा, दुन्या. मुलाला ‘मला हे आधीच येतंय’ असं वाटणं, ही अर्धी शिकवणी.

फसवे शब्दही लगेच सांगा. तुर्कीत ‘दिल’ म्हणजे जीभ किंवा भाषा, हृदय नव्हे. ‘पाझार’ म्हणजे बाजार आणि रविवारसुद्धा. असे शब्द मुलं कधीच विसरत नाहीत.

उच्चार देवनागरीत लिहू द्या. कमीपणा नाही त्यात. आपली लिपी त्यासाठी चांगली आहे.

नात्यांपासून सुरुवात करा, रंग आणि फळांपासून नको. मुलं दिवसभर माणसांना हाका मारतात, सफरचंदांना नाही.

दिवसाला वीस मिनिटं, रोज. शनिवारी तीन तासांचा डोस देऊन सोमवारी काही उरत नाही, हे आपल्याला आपल्या जिमवरूनच माहीत आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला लवकरात लवकर कुणाला तरी शिकवायला लावा. आजीला, शेजारच्या पोराला, तुम्हाला.

सीव्हीवर तुर्कीचा फायदा किती? खरं सांगायचं तर आज फारसा नाही. महाराष्ट्रातल्या कंपन्या तुर्की बोलणाऱ्यांसाठी दार उघडून उभ्या नाहीत. पण भाचीच्या वहीत सुट्टीच्या शेवटी एकशेचाळीस शब्द होते, तिने स्वतः आखलेल्या दोन रकान्यांत, मराठी आणि तुर्की. इंग्रजीचा रकाना नव्हता. मग तिनेच पुण्याच्या भावाला सांगून तिसरा रकाना आखला आणि इंग्रजी शब्द त्याच्याकडून भरून घेतले. ज्या इंग्रजीला ती घाबरत होती, त्यातलेही एकशेचाळीस शब्द असे तिसऱ्या रकान्यातून घरात आले.

आठवीचा निर्णय अजून व्हायचाय. शिरूर की गावातच, यावर फोनवर रोज काथ्याकूट चालतो. पण आता त्या फोनवर तीही असते, आणि तिचं म्हणणं ती पूर्ण वाक्यात मांडते.